रात्र थोडी, नकला फार

‘रात्र थोडी, सोंगं फार’ ही म्हण आपण नेहमी वापरतो. उजाडायला आलं आहे आणि अजून कितीतरी सोंगं यायची राहिली आहेत, अशी ती खेळ करणाऱ्यांची अडचण. मी आज जी गोष्ट सांगणार आहे ती याच अडचणीची आहे. फक्त सोंगांच्या जागी नकला आहेत आणि मांडवाच्या जागी संगणकाची थंडगार खोली. बँक असो, कारखाना असो, रेल्वेचं आरक्षण असो की शेअर बाजार. तिथल्या संगणकात दिवसभर जे साठतं त्याची एक प्रत काढून बाजूला ठेवावी लागते. यंत्र बिघडलं, आग लागली, पाणी शिरलं तर त्या प्रतीवरून सगळं पुन्हा उभं करता यावं म्हणून. तिला बॅकअप म्हणतात, आणि मोबाइलमुळे हा शब्द आता घरोघरी पोचला आहे. मला मात्र तहसील कचेरीतला ‘नक्कल’ हा शब्द जवळचा वाटतो. तिथे नक्कल म्हणजे खोटी वस्तू नव्हे. शिक्का मारलेली, मुळाइतकाच मान असलेली प्रत म्हणजे नक्कल.

कविता करणारा माणूस या विषयाकडे कसा वळला, असं श्रोत्यांना वाटेल. बी. ए. झाल्यावर नोकरी मिळेना, म्हणून सहा महिन्यांचा संगणकाचा कोर्स केला आणि आंबिवलीहून मुंबईला एका कंपनीच्या संगणक विभागात रात्रपाळीला लागलो. नव्वदचं दशक होतं. काम एकच, रात्री नकला काढायच्या. शेवटची कसारा लोकल गेली की पहाटेपर्यंत घरचा रस्ता बंद, त्यामुळे पळून जायची सोय नव्हती! कविता लिहायला निवांतपणा मिळाला तोही याच नोकरीत. टेप फिरत असताना माणसाला करण्यासारखं फार काही नसतं.

आता थोडं मागे जाऊ. अमेरिकेत १९५२ साली आयबीएम कंपनीने ७२६ क्रमांकाचं टेपयंत्र आणलं. अर्धा इंच रुंदीची फीत, एका इंचात शंभर अक्षरं, सेकंदाला साडेसात हजार अक्षरांचा वेग. अख्खं रीळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत काही मिनिटांत संपत असे. फीत झटक्याने सुरू होऊन झटक्याने थांबली की तुटण्याची भीती. म्हणून यंत्रात दोन उभ्या पोकळ नळकांड्या असत. त्यांतली हवा ओढून घेतलेली असे, आणि फितीचा सैल वेटोळा त्या पोकळीत लोंबकळत राही. झटका बसला की तो वेटोळा सोसायचा. जुन्या सिनेमांत संगणक म्हणून कपाटाएवढी यंत्रं आणि गरगर फिरणारी रिळं दाखवत, ती हीच.

आपल्याकडे व्यापारी कामाचा संगणक आला तो मुंबईतच, १९६१ साली, एस्सो या तेल कंपनीत. आयबीएम १४०१ हे त्याचं नाव. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्याच्या आदल्या वर्षीच टिफ्रॅक हा संगणक आपल्या लोकांनी बांधून चालू केला होता, आणि १९६४ साली तिथे सीडीसी ३६०० हा मोठा अमेरिकी संगणक टेपयंत्रांसह आला. पुढे विमा आणि बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी संगणकाला कडाडून विरोध केला. नोकऱ्या जातील ही भीती काही पोकळ नव्हती. सरकारला समिती नेमावी लागली. पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर तिचे अध्यक्ष होते आणि १९७२ साली तिचा अहवाल आला. हा वाद आपल्याकडे पुष्कळ लिहिला गेला आहे. नकलांबद्दल मात्र कुणी लिहीत नाही.

खरं म्हणजे त्या काळात नकलेसाठी वेगळं काम करावंच लागत नसे. कसं ते सांगतो. टेपवरची मधलीच एखादी नोंद खोडून तिथल्या तिथे नवी लिहिणं व्यवहारात जमत नसे. म्हणून पद्धत अशी होती: एका यंत्रावर कालची मुख्य टेप लावायची, दुसऱ्यावर आजच्या व्यवहारांची, आणि दोन्ही वाचत वाचत तिसऱ्या यंत्रावर नवी मुख्य टेप लिहायची. रामभाऊंच्या खात्यात काल शंभर रुपये होते, आज पन्नास आले, नव्या टेपवर दीडशे. काम संपलं की नवी टेप हातात, आणि कालची जशीच्या तशी शाबूत. नव्या टेपमध्ये काही घोटाळा निघाला तर कालची आणि आजच्या व्यवहारांची टेप पुन्हा लावा, परत तयार करा. नक्कल फुकट मिळत होती! नव्या टेपला मुलगा म्हणायचे, कालच्या टेपला बाप, परवाच्या टेपला आजोबा. तीन पिढ्या जपायच्या, चौथी पुसून तीच रिळं पुन्हा वापरायची. मी नोकरीला लागलो तेव्हाही हीच नावं चालू होती. फक्त अर्थ थोडा सरकला होता. रोजची टेप मुलगा, आठवड्याची बाप आणि महिनाअखेरीची आजोबा.

हे फुकटचं सुख डिस्कने संपवलं. आयबीएमनेच १९५६ साली रॅमॅक नावाचं यंत्र आणलं होतं. दोन दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या, आणि सगळ्यांवर मिळून सुमारे पन्नास लाख अक्षरं. डिस्कचा गुण असा की हवी ती नोंद झटक्यात गाठता येते आणि तिथेच बदलता येते. रामभाऊंचे शंभर पुसले, दीडशे लिहिले. पण ‘पुसले’ हा शब्द लक्षात घ्या. टेप ही वही होती, डिस्क ही पाटी झाली. शंभर रुपये होते याचा पुरावा त्या जागी उरला नाही. तेव्हापासून नक्कल काढणं हे मुद्दाम करायचं काम झालं, आणि मुद्दाम करायच्या कामाला वेळ लागतो. हा वेळ कुठून आणायचा, यावर गेली साठ-सत्तर वर्षं डोकेफोड चालली आहे.

उत्तर सोपं होतं, रात्रीतून. नक्कल काढत असताना मूळ बदलत राहिलं तर अर्धी नक्कल आधीची आणि अर्धी नंतरची होते. खातं जुळत नाही. म्हणून सगळ्यांनी हात उचलल्यावर, म्हणजे रात्री, नक्कल काढायची. बँकांमध्ये १९८३ साली संघटना आणि व्यवस्थापन यांच्यात यंत्रांबाबत करार झाला, पुढच्या वर्षी रंगराजन समितीचा अहवाल आला, आणि हळूहळू शाखांमध्ये यंत्रं दिसू लागली. मुंबई शेअर बाजारातला आरडाओरडा १९९५ साली संगणकाच्या पडद्यावर गेला. जिथे जिथे दिवसा पडदे आले, तिथे तिथे रात्री कुणीतरी टेपा बदलत बसलेला असणारच.

माझ्या हातात होत्या त्या चार मिलिमीटर रुंदीच्या फितीच्या छोट्या डबीसारख्या टेपा. आम्ही त्यांना डॅट म्हणायचो. एका टेपवर चार जीबी मावायचं आणि वेग सेकंदाला अर्धा एमबी. गणित करून पाहा: चार हजार एमबी भरायला आठ हजार सेकंद, म्हणजे सव्वादोन तास. दिवसाचा हिशेब बंद होऊन व्याज वगैरे लागेपर्यंत रात्रीचे अकरा वाजायचे. सकाळी सहाला यंत्र लोकांसाठी खुलं करायचं. मधल्या सात तासांत तीन टेपा, म्हणजे जेमतेम बारा जीबी. कंपनीचा कारभार वाढत गेला, बारा जीबीचे अठरा झाले, पण सहा वाजायचे ते सहालाच. ‘बॅकअप विंडो’ असा शब्द इंग्रजीत आहे, दोन कामांच्या मधली ती मोकळी फट. फट तेवढीच आणि तिच्यातून काढायचं गाठोडं रोज मोठं.

वेगवान टेपयंत्र घ्या, असं कुणीही सांगेल. कंपन्यांनी घेतलीही. आणि गंमत अशी की काही ठिकाणी वेगवान यंत्राने काम आणखी हळू झालं! याचं कारण समजायला मला बरेच दिवस लागले. नव्या टेपयंत्रांतून ती हवेच्या पोकळीची नळकांडी केव्हाच गेली होती. फीत सलग धावत राहील असं धरूनच ही यंत्रं बनवलेली. पण संगणकाकडून माहिती त्या वेगाने आली नाही, तर? फीत थांबते. धावती लोकल ब्रेक लावल्यावर जशी फलाटाच्या पुढे जाते, तशी पुढे सरकून थांबते. मग मागे येते, जागा शोधते, पुन्हा धाव घेते. पुन्हा माहिती संपते, पुन्हा मागे. बूटपॉलिशवाला फडकं दोन्ही हातांत धरून जसं मागेपुढे ओढतो तसं. या दुखण्याचं नावही बूटपॉलिशवरूनच पडलं आहे. फीत घासते, यंत्राचं डोकं झिजतं आणि नक्कल रखडते. यंत्राचा खर्रखर्र आवाज बदलला की मला पेंगतानाही कळायचं की आज सहा वाजेपर्यंत उरकत नाही.

त्यावर पहिला तोडगा निघाला तो वेणीचा. चार-पाच संगणकांची माहिती एकाच टेपवर पेडांसारखी गुंफायची, म्हणजे कुणी ना कुणी माहिती देत राहतो आणि फीत थांबत नाही. लिहायला उत्तम. पण एकाच संगणकाचं काही परत हवं असेल तर अख्खी वेणी सोडवत बसा. नक्कल झटपट काढायची की नकलेवरून झटपट परत आणायचं, या दोहोंचं भांडण तेव्हा पहिल्यांदा उघड झालं.

दुसरा तोडगा जास्त शहाणपणाचा होता, आणि तो समजायला आंबिवलीसारख्या गावात राहणाऱ्याला कष्ट पडत नाहीत. आमच्याकडे नळाला पाणी येतं ते ठरलेल्या वेळी. त्या वेळात आपण हंडे-कळशा गाळून भरत बसतो का? नाही. आधी पिंप लावतो, धो धो भरून घेतो. नळ गेल्यावर पिंपातलं पाणी सावकाश गाळून माठात. डिस्क स्वस्त झाल्या तशा, २००० सालानंतरच्या दोन-चार वर्षांत, कंपन्यांनी हेच केलं. कामाच्या संगणकातून आधी दुसऱ्या एका स्वस्त डिस्कवर नक्कल घ्यायची. ती भराभर होते, कारण डिस्कला थांबण्याचा त्रास नाही. माहिती थेंब थेंब आली तरी तिचं काही अडत नाही. तेवढ्यात सहा वाजले तर खुशाल वाजू देत, मूळ संगणक मोकळा झालेला आहे. मग दिवसभरात त्या डिस्कवरून टेपवर, सलग, न थांबता, पूर्ण वेगाने. टेपचं बूटपॉलिश बंद. कालची एखादी फाइल हवी असेल तर डिस्कवरून मिनिटात मिळते. टेप दूरच्या कपाटात जाते.

याच्या जोडीला आणखी एक युक्ती होती: रोज सगळं कशाला, कालपासून बदललं तेवढंच घ्या. आणि त्याही पुढची, जी मला कवी म्हणून फार आवडते. गझल उतरवून घेताना आम्ही प्रत्येक शेराच्या शेवटी येणारं रदीफ पुन्हा पुन्हा लिहीत नाही. एकदा लिहायचं, पुढे नुसती रेघ मारायची. संगणकाच्या नकलेतही तेच. हजार कर्मचाऱ्यांच्या टपालपेटीत एकच परिपत्रक असेल तर ते एकदा ठेवायचं आणि बाकी नऊशे नव्याण्णव जागी खूण. या एका विचारावर मोठ्या कंपन्या उभ्या राहिल्या. डेटा डोमेन नावाची २००१ साली निघालेली कंपनी २००९ मध्ये ईएमसीने दोन अब्ज डॉलरहून जास्त देऊन घेतली. या कामात पुण्याचा वाटा मोठा आहे, आणि तो पुण्याबाहेर फारसा माहीत नाही. नेटबॅकअप ही जगभरच्या बँकांत वापरली जाणारी आज्ञावली ज्या व्हेरिटास कंपनीची होती, तिचं मोठं केंद्र पुण्यात होतं. तिथूनच शिकून बाहेर पडलेल्यांपैकी जसप्रीत सिंग, मिलिंद बोराटे आणि रमणी कोठंडरामन यांनी २००८ साली पुण्यात स्वतःची कंपनी काढली, तिचं नाव द्रुवा. ऐकल्याबरोबर ध्रुवबाळाचं अढळपद आठवावं असं नाव. कर्मचाऱ्यांच्या लॅपटॉपची नक्कल काढताना जी माहिती आधीच जमा आहे ती पुन्हा पाठवायचीच नाही, ही त्यांची सुरुवातीची करामत होती.

पण डिस्कच्या या सुखाने एक सवय मोडली. ती किती महागात पडू शकते ते मी जवळून पाहिलं.

२६ जुलै २००५ चा पाऊस कोण विसरेल? सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला, मुंबई बुडाली, हे सगळ्यांना आठवतं. त्याच दिवशी इकडे उल्हास आणि वालधुनी फुगल्या आणि कल्याण, उल्हासनगर, बदलापूरची कशी दैना झाली हे आमच्या बाजूची माणसंच सांगतील. नदीकाठच्या एका लहान कारखान्यात माझा एक ओळखीचा माणूस हिशेबनीस होता. कारखान्याचं नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. तिथे वर्षभरापूर्वी नवी पद्धत आली होती: संगणक, आणि त्याच्याच शेजारच्या फळीवर नकलेची डिस्क. रात्रीची नक्कल वीस मिनिटांत व्हायची. पूर्वी रोज टेप निघायची आणि ती कुणीतरी घरी न्यायचं. वीस मिनिटांचं सुख मिळाल्यावर रोजची टेप बंद झाली. कशाला हवी? डिस्क आहे की! खोली तळमजल्यावर होती. पाणी कमरेच्या वर चढलं. संगणक गेला, शेजारची डिस्क गेली, खालच्या खणातल्या जुन्या टेपा चिखलात गेल्या आणि टेपयंत्रही गेलं.

कामगारांचा पगार सात तारखेपर्यंत व्हायला हवा होता. कोणाची किती हजेरी, कोणाचा किती ओव्हरटाइम, कोणी उचल घेतली, भविष्यनिर्वाह निधीचे आकडे, सगळं त्या संगणकात. आणि ज्यांच्या घरांत पाणी शिरलं होतं त्यांनाच त्या महिन्याचा पगार सगळ्यांत जास्त हवा होता. मिळालं ते असं: हिशेबनीस जुन्या वळणाचे. महिनाअखेरीची टेप, म्हणजे ते आमचे आजोबा, ते अजूनही काढत आणि घरच्या कपाटात ठेवत. ३० जूनची टेप कोरडी होती. ती वाचायला त्याच जातीचं यंत्र हवं, ते ठाण्याहून कुणाकडून तरी दोन दिवसांसाठी मागून आणलं. जून अखेरपर्यंतचं सगळं परत आलं. जुलैचे सव्वीस दिवस मात्र हजेरीची कार्डं आणि चलनांची पुस्तकं उन्हात वाळवून, पानं सोडवून, हाताने भरावे लागले. पगार उशिरा झाला, पण बरोबर झाला.

इथे मला आणखी एक गोष्ट बोलायची आहे. नक्कल काढून झाल्यावर ती पुन्हा वाचून मुळाशी ताडून पाहायची असते. त्याला जवळजवळ तितकाच वेळ लागतो. त्यामुळे रात्र अपुरी पडू लागली की पहिली कात्री या पडताळणीला लागते. मी अनेक ठिकाणी पाहिलं आहे, वर्षानुवर्षं टेपा भरतायत, नावं लिहून रांगेत लागतायत, आणि त्यातली एकही कुणी परत वाचून पाहिलेली नाही. रमजान महिन्यात तरावीहच्या नमाजात हाफिज अख्खं कुराण पाठ म्हणतो, तेव्हा त्याच्या मागे दुसरा हाफिज कान देऊन उभा असतो. शब्द चुकला की तिथल्या तिथे मागून दुरुस्ती. त्याला आम्ही लुकमा देणं म्हणतो. पाठ असणं पुरत नाही, दर वर्षी ते मोठ्याने म्हणून दाखवावं लागतं. संगणकाच्या खोलीत मागे उभा राहणारा हा दुसरा माणूस सगळ्यांत आधी कमी केला जातो. खर्च वाचतो ना!

आता पुढचा बदल. तो मला सगळ्यांत मोठा वाटतो. २००५ च्या त्या कारखान्यात हजेरीची कार्डं होती म्हणून जुलै महिना परत आला. मूळ कागद होता, संगणकात होती ती त्याची छाया. पण मूळच उरलं नाही तर? १९९६ साली मुंबईत एनएसडीएल सुरू झाली आणि शेअरचे कागद हळूहळू नाहीसे झाले. आज माझ्याकडे अमुक कंपनीचे शंभर शेअर आहेत याचा अर्थ एका संगणकात तशी नोंद आहे, एवढाच. १ मे २०१८ पासून राज्यात डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. बँकेचं खातं तर कधीच वहीतून गेलं. कागदाचं राज्य चांगलं होतं असं मला म्हणायचं नाही. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागली, वरचे मजले जळाले, माणसं दगावली, आणि ज्या फायलींची दुसरी प्रत नव्हती त्या कायमच्या गेल्या. कागदाची नक्कल काढणं किती अवघड होतं ते त्या दिवशी कळलं. सांगायचं एवढंच की आता नक्कल ही मुळाची सोबतीण राहिलेली नाही. मूळ बुडालं तर तीच मूळ.

आणि याच काळात रात्र संपली. खरोखर संपली. एटीएम आले तेव्हाच तिला गळती लागली होती. २०१६ साली यूपीआय आलं. १६ डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी चोवीस तास झालं, १४ डिसेंबर २०२० पासून आरटीजीएस. रात्री अडीच वाजता कुणी चहाचे दहा रुपये फोनवरून देतो. त्या क्षणी बँकेचा संगणक जागा हवा. माझी ती अकरा ते सहाची फट कुठे शोधायची? मग मार्ग निघाला तो असा की नक्कल वेगळी काढायचीच नाही. प्रत्येक नोंद होते त्याच क्षणी ती दूरच्या दुसऱ्या शहरातल्या संगणकावरही व्हायची. आरशासारखं. मोठ्या बँकांचं आणि बाजारांचं एक घर मुंबई किंवा नवी मुंबईत, तर दुसरं चेन्नई किंवा हैदराबादेत.

वेगाची ही परमावधी म्हणायची. तरीही २४ फेब्रुवारी २०२१ रोजी राष्ट्रीय शेअर बाजार सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी बंद पडला आणि दुपारी पावणेचारला उघडला. त्या दिवशी पाचपर्यंत व्यवहार चालवावे लागले. दूरसंचाराच्या जोडण्या तुटल्या आणि माहिती साठवणाऱ्या यंत्रणेला त्याचा फटका बसला, असं कारण पुढे आलं. दुसरं घर चेन्नईत तयार होतं, पण बाजार तिकडे हलला नाही. चार तास लाखो लोक अडकलेले सौदे घेऊन बसले होते. घर दुसरं असणं आणि त्यात राहायला जाता येणं यांत अंतर आहे, असं मला त्या दिवशी वाटलं.

आरशाचा दुसरा दोष जास्त गंभीर आहे. तुम्ही तोंडाला काळं फासलंत की आरसाही त्याच क्षणी काळा होतो. चुकून पुसलेली नोंद तिकडेही पुसली जाते. आणि मुद्दाम पुसलेलीही. २०११ च्या फेब्रुवारीत गूगलच्या एका बदलातल्या दोषामुळे थोड्या लोकांच्या टपालपेट्या रिकाम्या झाल्या. दर दहा हजारांत दोघांच्या. गूगल अनेक ठिकाणी प्रती ठेवतं, पण दोष त्या सगळ्या प्रतींपर्यंत पोचला. टपाल परत आलं ते टेपवरून. टेप कपाटात होती, तिला तो बदल कळलाच नव्हता!

म्हणूनच टेप मेली नाही. २००० साली आयबीएम, एचपी आणि सीगेट यांनी मिळून एलटीओ नावाची टेप आणली होती, शंभर जीबीची. तिची नववी पिढी २०२१ मध्ये आली, अठरा हजार जीबीची, सेकंदाला चारशे एमबी वेगाची. ऐकायला थोर वाटतं. पण भागाकार करा: एक टेप भरायला साडेबारा तास. १९५२ सालचं रीळ काही मिनिटांत भरत होतं. सत्तर वर्षांत टेपचं पोट वेगापेक्षा कितीतरी जास्त वाढलं. साडेबारा तासांची रात्र आपल्याकडे फक्त थंडीच्या दिवसांतच मिळते. तरी ती भरायची, कारण पुढे पिंप आहे, डिस्क आहे. आणि भरून झाल्यावर ती यंत्रातून बाहेर काढली की जगातल्या कुठल्याही तारेतून तिच्यापर्यंत कुणी पोचू शकत नाही.

हे किती मोलाचं आहे ते २७ जून २०१७ रोजी न्हावा-शेव्याला कळलं. नॉटपेट्या नावाचा विषाणू युक्रेनमधून सुटला आणि डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीत शिरला. जवाहरलाल नेहरू बंदरातलं एक टर्मिनल त्याच समूहाकडे होतं. तिथले पडदे काळे झाले. कुठला कंटेनर कुणाचा, कुठल्या जहाजावर चढवायचा हे सांगणारं यंत्र गप्प, आणि बाहेर ट्रक खोळंबलेले. विषाणू पैसे मागण्याचं सोंग करत होता, पण त्याचं काम पुसण्याचंच होतं. मर्स्कच्या जगभरच्या जाळ्यात कोण कर्मचारी, कोणाला कुठला दरवाजा उघडा, ही किल्ल्यांची वही सांभाळणारे सुमारे दीडशे संगणक होते. ते सतत एकमेकांच्या नकला काढत. एक गेला तर दुसरा आहेच, म्हणून त्यांची वेगळी नक्कल ठेवलेली नव्हती. विषाणूने ते सगळे एकदम पुसले.

एक सोडून. आफ्रिकेत घाना देशातल्या कार्यालयात विषाणू येण्याच्या थोडं आधी वीज गेली होती. तिथला संगणक बंद पडलेला, जाळ्यापासून तुटलेला, म्हणून वाचला. (आम्ही आंबिवलीत वर्षानुवर्षं भारनियमनाला शिव्या दिल्या, त्याचा असाही उपयोग होत असेल असं कधी मनात आलं नव्हतं.) आता त्या संगणकावरची माहिती इंग्लंडला आणायची होती. तारेवरून पाठवायची तर घानाची जोडणी इतकी मंद की कित्येक दिवस लागले असते. विमानाने न्यायची तर तिथल्या कुणाकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. शेवटी घानाचा एक कर्मचारी ती डिस्क घेऊन नायजेरियाला गेला. तिथल्या विमानतळावर त्याने ती दुसऱ्या कर्मचाऱ्याच्या हातात दिली, आणि तो लंडनच्या विमानात बसला.